कर्णनाद की अनाहत नाद?

नवविधा भक्तीची गणना करताना शास्त्रकारांनी पहिला मान श्रवणाला दिला आहे. या विषयावर आम्ही गेली चाळीस वर्षे गावोगाव कीर्तने केली, दृष्टांत दिले, श्रोत्यांच्या माना डोलवल्या. परंतु ज्याच्या कानात रात्रंदिवस शिट्टी वाजते, ज्याला निवांतपणा म्हणून उरलाच नाही, त्याने काय करावे, हा प्रश्न त्या चाळीस वर्षांत आम्हाला कधी पडला नव्हता. तो पडण्यासाठी आमच्याच कानात वाजावे लागले! आज त्याविषयी वाचकांशी चार शब्द बोलावयाचे आहेत. यात थोडा शास्त्रविचार आहे, थोडी अनुभवाची गोष्ट आहे आणि एका अपराधाची कबुलीही आहे.

२०१७ साली एका सप्ताहात आमचे काल्याचे कीर्तन होते. मंडप मोठा, श्रोते मुबलक, आणि आमच्या उजव्या हाताला माणसाच्या उंचीचे दोन ध्वनिक्षेपक. मागे टाळकऱ्यांची दुहेरी रांग, शेजारी दोन पखवाज. पूर्वीही कीर्तनानंतर कान गुणगुणत, पण पहाटेच्या काकड्यापर्यंत शांत होत. त्या रात्री मात्र अंथरुणावर पडलो आणि कानात रातकिड्यांनी घर केल्यासारखा बारीक, तीव्र, एकसुरी आवाज सुरू झाला. आम्ही विचारले, "काय गं, कुठे काही वाजतंय का?" आमच्या मंडळींनी उठून दिवा लावला, नळ पाहिला, पंखा बंद केला. म्हणाल्या, "अहो, काही वाजत नाही हो. निजा आता." पण पंखा बंद झाला आणि आमचा आवाज दुप्पट झाला!

तो आवाज सकाळी गेला नाही, महिन्याने गेला नाही, आणि आज हे लिहितानाही तो आहे. पहिले सहा महिने कसे काढले ते आमचे आम्हाला ठाऊक. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ओसरीवर येरझारा घालाव्या. ग्रंथ उघडावा तर ओळीवर लक्ष ठरत नसे. नातवंडे हसली तरी कपाळाला आठ्या. आयुष्यभर लोकांना 'शांत व्हा' म्हणून सांगणारा माणूस आपल्या घरात एक घटकाभर शांत बसू शकत नव्हता. जगणेच नको असा विचार एका रात्री मनाला चाटून गेला, हेही लपवीत नाही. हा रोग बाहेरून दिसत नाही. जखम नाही, ताप नाही, सूज नाही. त्यामुळे भोगणारा एकटा पडतो आणि भोवतालची माणसे 'मनाचे खेळ आहेत' म्हणून मोकळी होतात. वाचकहो, तुमच्या घरात कोणी अशी तक्रार सांगत असेल तर एवढे तरी करा, की 'तुला वाजते ते खरेच वाजते' असे त्याला म्हणा. त्यानेच अर्धे ओझे उतरते.

आता अपराधाची गोष्ट. एका मुक्कामी रात्री गप्पांच्या ओघात आम्ही सहज म्हणून गेलो, की हल्ली आमच्या कानात सतत नाद चालतो. ऐकणाऱ्यांत एक भाविक गृहस्थ होते. त्यांनी उठून आमच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, अनाहत नाद! एवढी साधना कुणाची हो!" आम्ही त्याच वेळी 'नाही हो, कान बिघडलाय' असे म्हणायला हवे होते. आम्ही म्हटले नाही. किंचित हसलो आणि गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचा व्हायचा तोच परिणाम झाला. पुढच्या गावी आमच्या आधी ती वार्ता पोचली. हार जाड झाले, पायांवर डोकी जास्त पडू लागली. खोटे आम्ही एक अक्षरही बोललो नव्हतो. पण ज्या शब्दाने लोकांचा भ्रम फिटला असता तो शब्द आम्ही गिळला, आणि असत्य म्हणायला तेवढे पुरे.

आम्ही पाठशाळेत शिकलेले. मनाला पटवायला शास्त्र हाताशी होतेच. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात नादानुसंधान सांगितले आहे. साधकाला आरंभी समुद्र, मेघ, भेरी यांसारखे ध्वनी ऐकू येतात, मध्ये शंख, घंटा यांसारखे, आणि शेवटी किंकिणी, वेणू, वीणा, भ्रमर यांसारखे सूक्ष्म ध्वनी. आम्ही मनाशी म्हटले, आपलाही आवाज भ्रमरासारखाच आहे की!

पण त्याच पाठशाळेत दुसराही ग्रंथ होता. सुश्रुताने उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत, त्यांत कर्णनाद आहे. माधवनिदानात त्याचे लक्षण दिले आहे, की वायू कानाच्या मार्गात राहिला म्हणजे मनुष्य भेरी, मृदंग, शंख यांचे आवाज ऐकतो. आणि कर्णक्ष्वेड नावाच्या दुसऱ्या रोगात वेणूसारखा आवाज ऐकू येतो. पाहा गंमत! भेरी इकडे आहे आणि तिकडेही आहे. शंख दोन्हीकडे, वेणू दोन्हीकडे. एका ग्रंथात जी सिद्धीची पायरी, तीच वाद्ये दुसऱ्या ग्रंथात रोगाचे लक्षण. मग केवळ आवाजावरून निर्णय कसा करावयाचा? तर्कशास्त्र सांगते की जो हेतू दोन्ही पक्षी संभवतो त्याने कोणताच पक्ष सिद्ध होत नाही. योग्यांच्या अनुभवाविषयी बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण आमच्यापुरता निर्णय सोपा होता. ज्या नादाने मन लीन होते तो त्यांचा. आमच्या नादाने मन सैरावैरा पळत होते. हे आम्हाला कळत होते. कळत असून आम्ही गप्प होतो.

शेवटी डोळे उघडले ते आमच्याच फडावरच्या एका टाळकऱ्यामुळे. वय पन्नाशीच्या आतले, कष्टाळू, आमच्या शब्दावर जीव टाकणारा. एका एकादशीला आमच्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "महाराज, तुमच्यासारखी कृपा मलाही झाली बघा. डाव्या कानात नाद सुरू झालाय, तीन महिने झाले." आम्ही विचारले, "माउली, ऐकू येतं ना नीट?" तो म्हणाला, "डाव्या कानानं काहीच नाही. एका सकाळी उठलो तर कान बंद, आणि आत नाद. पोरगा म्हणत होता दवाखान्यात चला. मी म्हटलं, अरे, महाराजांना आहे तेच हे. दवाखाना कशाला?"

आमच्या पायांखालची जमीन सरकली. त्याला घेऊन आम्ही स्वतः तालुक्याच्या ठिकाणी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तपासले, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एका कानाचं ऐकणं असं एकाएकी गेलं तर त्याच दिवशी, नाहीतर फार तर दोन-चार दिवसांत यावं लागतं. पहिल्या दोन आठवड्यांत औषध दिलं तर पुष्कळदा उपयोग होतो. आता फार उशीर झाला." तो टाळकरी आजही उभा राहतो, पण उजवा कान पखवाजाकडे करून, थोडा तिरका. ती तिरकी उभी राहण्याची ढब दिसली की आमचे पुढचे पद अडखळते. औषधाने त्याचा कान नक्की वाचला असता असे कोणी सांगू शकत नाही. पण वाचण्याची संधी आमच्या मौनाने घालवली, हे मात्र नक्की. त्याला आम्ही सारे सांगितले. तो एवढेच म्हणाला, "महाराज, तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं." रागावला असता तर बरे वाटले असते!

त्याच दिवशी बाईंनी आमचाही कान तपासला. आलेख काढला, आणि ४ हजार हर्ट्झच्या आसपास तो एकदम खाली गेलेला दाखवला. मोठ्या आवाजाने इजा झालेल्या कानाची ही ठरलेली खूण. त्यांनी जे समजावले ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. कानाच्या आत शंखाच्या आकाराचा एक अवयव आहे. त्यात केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. मग त्या जागेकडून मेंदूला बातमी येईनाशी होते. मंडपातला ध्वनिक्षेपकवाला काय करतो? वक्त्याचा आवाज बारीक आला की बटण फिरवून जोर वाढवतो. आणि वक्ता बोलेनासा झाला तर त्या वाढवलेल्या जोरात यंत्राचीच सूंऽऽ अशी कुजबुज ऐकू येते. मेंदूचेही तसेच होत असावे, असे आजचे शास्त्रज्ञ मानतात. म्हणून केवळ कानावर शस्त्र चालवून हा नाद जातोच असे नाही. ज्यांची श्रवणाची नाडी शस्त्रक्रियेत कापावी लागली अशांपैकी पुष्कळांचा नाद नंतरही राहिला आहे.

आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० माणसांना एकेक करून अत्यंत निःशब्द खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते लिहावयास सांगितले. थोड्याच मिनिटांत शंभरातील ९४ या प्रमाणात त्यांना कसले ना कसले आवाज ऐकू आले! म्हणजे पूर्ण निःशब्दात नाद बहुतेकांच्याच डोक्यात आहे. मग एकाला तो जाणवतही नाही, आणि दुसऱ्याची झोप का उडते? इथे आमचा खरा विचार सुरू होतो.

मंदिराचा पुजारी घंटेच्या गजरात दुपारची झोप घेतो, पण तान्ह्या बाळाची आई पाळण्यातल्या हूं शब्दाने जागी होते. घंटा मोठी, हुंकार लहान. झोप मोडते ती आवाजाच्या मोठेपणाने नव्हे, त्या आवाजाला आपण जो अर्थ दिला त्याने. आम्ही आमच्या आवाजाला दोन अर्थ दिले होते. रात्री तो शाप होता, म्हणून त्याच्यावर पहारा करीत होतो. दिवसा लोकांसमोर तो प्रसाद होता, म्हणूनही त्याच्यावर पहारा करीत होतो. शत्रू मानला तरी तोच, भूषण मानले तरी तोच. लक्ष मात्र अष्टौप्रहर तिकडे. शापाच्या भयाने आणि सिद्धीच्या लोभाने तो नाद आम्हीच पोसला. ज्या दिवशी भर कीर्तनात उभे राहून सांगितले, "मायबापहो, आमच्या कानात वाजते तो अनाहत नाद नाही, तो बिघडलेला कान आहे," त्या रात्री पुष्कळ महिन्यांनी आम्ही सलग पाच तास झोपलो. आवाज तेवढाच होता. त्याला सांभाळण्याचे काम संपले होते.

वेदांत शिकताना भ्रमाचे दोन प्रकार शिकलो होतो. दोरीवर दिसलेला साप दिवा आणताच नाहीसा होतो. हा निरुपाधिक भ्रम. मृगजळाचे तसे नाही. तिथे पाणी नाही हे पक्के कळले तरी ते चमकत राहते. हा सोपाधिक भ्रम. जोवर ऊन आहे आणि तापलेली रेती आहे, तोवर दिसणारच. मग ज्ञानाचा उपयोग काय झाला? उपयोग हा, की शहाणा घागर घेऊन तिकडे धावत नाही. याला ग्रंथकार बाधितानुवृत्ती म्हणतात. आम्ही हा शब्द वर्गात शंभरदा घोकला, कीर्तनात कितीदा उच्चारला. त्याचा अर्थ मात्र कानाने शिकवला. आम्हाला दोरीच्या सापासारखी सुटका हवी होती, की एका सकाळी उठावे आणि आवाज नाही. मिळाली ती मृगजळाची सुटका. आवाज आहे, घागर खाली ठेवली आहे.

यावर कोणी म्हणेल, "महाराज, हे प्रारब्ध आहे. भोगूनच संपवावे. डॉक्टर कशाला?" त्यांना आमचे विचारणे एवढेच, की भूकही प्रारब्धानेच लागते ना? मग पंगतीला का बसता? दुसरा कोणी म्हणेल, "नामस्मरण वाढवा, आवाज पळेल." तेही आम्ही केले. पण खरे सांगायचे तर त्या दिवसांत नाम घेताना दर दहाव्या माळेला थांबून आवाज गेला का ते पाहत होतो. म्हणजे जप नामाचा नव्हता, आवाजाचाच होता! मोठ्याने नाम घेतल्यावर तेवढ्यापुरता आवाज झाकतो. तो तर पंख्यानेही झाकतो. देवाला पंख्याच्या कामाला लावणे आमच्या मनाला पुढे लाज वाटू लागली. आता नाम घेतो ते नामासाठी. आवाज मागे वाजत असतो, टाळकऱ्यांच्या रांगेत एखादा बेसूर टाळकरी असावा तसा. त्याला कोणी बाहेर काढत नाही आणि त्याच्याकडे कोणी पाहतही नाही.

रोग लपवण्याचा मोह केवळ आम्हालाच झाला असे नाही. जर्मनीत जन्मलेला थोर संगीतरचनाकार बेथोव्हेन याने १८०१ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, आपल्या वैद्य मित्राला पत्र लिहून कळवले होते की कान रात्रंदिवस वाजत असतात, आणि आपल्याला ऐकू येत नाही हे लोकांना सांगता येत नाही म्हणून आपण दोन वर्षे माणसांत जाणे टाळत आहोत. त्याला मान जाण्याचे भय, आम्हाला मान मिळण्याचा लोभ. दोघांनीही सत्य कोंडले, आणि दोघांनाही त्याचा त्रासच झाला.

आता ज्यांना हा त्रास आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या गोष्टी. प्रथम कान दाखवून या. कधी नुसता मळ साचलेला असतो आणि तो काढला की काम होते. ॲस्पिरिन मोठ्या मात्रेत घेतल्याने किंवा क्विनाइननेही कान वाजतात, तेव्हा चालू असलेली औषधे डॉक्टरांना सांगा. एकाच कानात वाजत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, चक्कर येत असेल, किंवा ऐकणे एकाएकी गेले असेल, तर एक दिवसही दवडू नका. ऐकणे कमी झाले असेल तर कानाचे यंत्र लावा. आम्ही लावतो. बाहेरचे आवाज आत येऊ लागले की आतला आवाज पुष्कळांचा मागे हटतो. रात्री अगदी निःशब्द खोलीत निजू नका. पंखा चालू ठेवा, नाहीतर पाऊस, ओढा असा एखादा मंद आवाज लावा. आवाज पुरता बुडावा इतका मोठा लावू नका. दोन्ही शेजारी ऐकू आले म्हणजे मनाला सवय होते. विचाराला आणि वागण्याला वळण लावणारी एक मानसोपचाराची पद्धत आहे. तिने आवाज कमी होतोच असे नाही, पण त्याचा जाच कमी होतो, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. आणि जगणे नकोसे वाटू लागले तर ते एकट्याने सोसू नका. घरात बोला, डॉक्टरांना सांगा. त्यात कमीपणा नाही.

शेवटी आपल्या फडांना आणि सप्ताह करणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत कानाने सोसावा असे मानतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला तो काळ निम्मा होतो. त्या हिशोबाने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. आपले कीर्तन दोन तासांचे! टाळ आपले, पखवाज आपला, त्यांना कोणी नावे ठेवत नाही. पण कर्ण्यांची भिंत टाळकऱ्यांच्या कानाशी उभी करायलाच हवी का? ती लांब ठेवा, उंच ठेवा, आवाज बेताचा ठेवा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक न लावण्याचा नियम २००० सालापासून आहे, तोही पाळा. लहान मुले मृदंगाला आणि टाळाला उभी राहतात, त्यांच्या कानांत बोळे घालायला शिकवा. त्या मुलांना पुढे पन्नास-साठ वर्षे श्रवण करावयाचे आहे. पहिली भक्ती ज्या इंद्रियाने होते तेच इंद्रिय भक्तीच्या नावाखाली आपण मोडावे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

असो. हे लिहीत असता रात्रीचे साडेअकरा झाले आहेत. पंखा चालू आहे, रातकिडे वाजत आहेत. बाहेरचे कोणते आणि आतले कोणते हे आता आम्ही शोधत बसत नाही. ज्यांना शोधल्यावाचून राहवत नाही, त्यांनी एवढेच करावे. जे वाजते त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी. आम्हाला तरी विसावा तिथूनच मिळू लागला.

रामकृष्णहरि.